एकतीस नंबरचा बिल्ला

काशिनाथ कडव पैसे घेताना माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसे, नाण्याच्या तोंडाकडे बघे. प्रवाशाने हात पुढे केला की हा ते नाणं दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडाला नेणार, या बाजूने निरखणार, त्या बाजूने निरखणार आणि म्हणणार, "थांबा, आधी तोंड बघू दे." मग साल वाचणार. मग सीटच्या लोखंडी दांडीवर नाणं आपटून त्याचा आवाज ऐकणार. एवढी पूजा आटोपली की त्याला आठवायचं की आपण कंडक्टर आहोत आणि समोरच्या माणसाला वडखळचं तिकीट हवंय. तोवर वडखळ मागे गेलेलं असायचं आणि तो माणूस माझ्या पाठीमागच्या जाळीवर थापा मारत असायचा. शिव्या खायला ड्रायव्हर होताच.

तो ड्रायव्हर मी. पेण–रोहा गाडीवर आम्ही दोघांनी चौदा वर्षं एकत्र काढली. एवढ्या काळात एखाद्याने संन्यास घेतला असता. मी नुसते केस गमावले.

आमची जोडी जमली तेव्हा नवे पैसे नुकते निघाले होते. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच होतं. लोकांच्या कनवटीला जुने आणे, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे आणि नवे पैसे अशी सगळी खिचडी असायची. बाकीचे कंडक्टर सुट्टे मोजताना रडकुंडीला यायचे. काशिनाथ मात्र रोज सकाळी सासरी निघालेल्या जावयासारखा खुशीत गाडीत चढायचा. इंग्रजाच्या वेळचं एखादं बरं नाणं हाती लागलं की तेवढ्याच मोलाचं चालू नाणं तो स्वतःच्या खिशातून सरकारी पिशवीत टाकी आणि जुनं शर्टाच्या खिशात घाली. इंग्रज देश सोडून गेला हे सगळ्यांना कळलं होतं. काशिनाथ त्याला एकेक पैशाने परत गोळा करत होता.

एकदा नागोठण्याला नवं जोडपं चढलं. मुलीने रुमालाची गाठ सोडून अधेली पुढे केली. हा म्हणाला, "थांब गो, आधी तोंड बघू दे." नवऱ्याने उठून त्याची कॉलर धरली. कॉलर त्याच्या मुठीत असतानाच काशिनाथ शांतपणे म्हणाला, "राजाचं तोंड हो दादा. तुमच्या मंडळींचं बघून मला काय करायचंय?" यावर ती मुलगीही भडकली. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि तिघांचीही माफी मागितली. माझं नेमकं काय चुकलं होतं ते मला कुणी सांगितलं नाही.

त्याला ज्ञान वाटण्याचीही खोड होती. एक राजाछाप रुपया म्हणे असा निघाला होता की राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. लोक बिथरले आणि सरकारने तो रुपया परत घेऊन वितळवला. ही कथा मी भिसे खिंडीच्या चढावर, पहिल्या गिअरमध्ये, दोनशे वेळा तरी ऐकली असेल. शेवटी तो दरवेळी म्हणे, "राजा झाला म्हणून काय, चित्र नीट काढायला नको?" प्रवासी माना हलवायचे. ते खड्ड्यांमुळे असावं.

याच खिंडीत एकदा तपासनीस चढले. काशिनाथच्या शर्टाच्या खिशात सात जुने पैसे सापडले. ड्युटीवर खासगी पैसे जवळ ठेवले तर ते आधी लिहून द्यावे लागतात, आणि याने काही लिहिलेलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. याने तपासनिसांना शेजारी बसवून त्या सातही पैशांची माहिती सांगितली, कुठला कुठल्या टांकसाळीचा आणि खूण कुठे असते ते. तपासनिसांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, आभार मानले आणि रिपोर्ट लिहिला. त्याची वर्षाची पगारवाढ गेली. मी म्हटलं, "मिळालं समाधान?" तर म्हणतो, "पगारवाढ पुढच्या साली परत येल, नाराणा. असा पैसा परत यायचा नाय." अशा माणसाचं काय करणार?

हळूहळू गावोगाव बातमी पसरली की रोह्याच्या गाडीचा कंडक्टर काहीही घेतो. मग काय विचारता. देवाच्या पेटीत टाकायला म्हणून लोकांनी बाजूला ठेवलेली झिजकी, वाकडी, न चालणारी नाणी आमच्या गाडीत येऊ लागली. देवाची तेवढीच सुटका झाली. एका म्हातारबाबाने तर कोटाचं पितळी बटण देऊन जित्यापर्यंतचं तिकीट मागितलं. आमची गाडी जित्याला जात नव्हती, हा मुद्दा वेगळाच. काशिनाथने बटण उलटंपालटं करून पाहिलं, परत दिलं आणि म्हणाला, "बाबा, चांगलं हाय, पण राज्य कोणाचं ते कळत नाय."

हा सगळा खजिना तो तिकिटांच्या मोडक्या ट्रेमध्ये ठेवायचा. डेपोने टाकून दिलेला पत्र्याचा ट्रे होता. ज्या खणांत तिकिटांचे गठ्ठे उभे राहतात त्या खणांत कागदाच्या पुड्या, आणि पुडीत नाणं. नाण्याला कुणी पाण्याचा थेंबही लावायचा नाही, असा घरात कायदा होता. एका दिवाळीला सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, नवरा ड्युटीवर गेल्याचं बघून लक्ष्मीपूजनासाठी सगळी नाणी चिंच आणि राख लावून लख्ख घासली. पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. काशिनाथ घरी आला, पाटाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. दोन दिवस जेवला नाही.

"शंभर वर्षांचा रंग घालवलास तू," एवढंच बोलत राहिला.

"शंभर वर्षांचा मळ घालवला तर लोकं आभार मानतात," वहिनी म्हणाल्या. "तुमचं घरातलं माणूस मेल्यासारखं चाललंय."

मी वहिनींच्या बाजूने होतो. मी कायम वहिनींच्याच बाजूने असायचो, कारण जेवायला त्या वाढायच्या.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. आमच्या आठव्या की नवव्या वर्षी काशिनाथ पेणच्या एका भंगारवाल्याकडून गोणपाटाची एक पिशवी घेऊन गाडीत चढला. पितळेच्या भावाने तोलून घेतली होती, वितळवायला जायच्या आत. रोह्याच्या स्टँडवर गाडी उभी केल्यावर त्याने ती माझ्या सीटवर रिकामी केली. राणीछाप रुपयापेक्षा थोडे मोठे, पितळी, गोल बिल्ले. वर दोरी ओवायला भोक. एका बाजूला तराजू, खाली मराठी आकडा. दुसरी बाजू कोरी. "खाडीवरच्या त्या शेठच्या मिठागराचे हायत," काशिनाथ म्हणाला. "इंग्रजाच्या वेळचे. बांध फुटून आगर बुडालं ना, त्याचे. बेचाळीस हायत. असे कुणाकडे नसतील, नाराणा. मुंबईला नसतील."

मी त्यातला एक बिल्ला ओळखला. एकतीस नंबर. तो माझ्या आईचा होता.

आता हे सांगितलंच पाहिजे. आम्ही पाटील. पेण तालुक्यात खडा मारला तर पाटलालाच लागतो, त्यामुळे यात कौतुक करण्यासारखं काही नाही, पण मला फार कौतुक होतं. आमची खाडीकाठी भातशेती होती. खारं पाणी शेतात शिरलं, शेतं गेली आणि वडिलांनी अंथरूण धरलं, तेव्हा आई आगरावर मीठ वाहायला जाऊ लागली. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर, पाय खाऱ्या पाण्यात. तो बिल्ला दोरीत ओवून तिच्या कमरेला असे. शाळेत जायच्या आधी मी तीन आणि एक हे आकडे त्यावर बोट फिरवून शिकलो. पुढे मी ड्रायव्हर झालो आणि आईला घेऊन जित्याला घर केलं, कारण जित्याला आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. रोह्याला माझे सासरे भातगिरणीवाले. लग्न ठरवताना त्यांना सांगितलं होतं की आमची आई उंबरठ्याबाहेर पडलेली नाही. डेपोतही हेच सांगितलेलं. खोटं एकदा बोललं की त्याला रोज पाणी घालावं लागतं आणि मी ते इमानदारीने घालत होतो.

"छान आहेत," मी म्हटलं आणि चहाला गेलो.

मग भेटली हिराबाई. वडखळला सुक्या मासळीची पाटी घेऊन चढलेली खाडीकाठची म्हातारी. काशिनाथ गाडी रिकामी बघून एक बिल्ला बोटांत फिरवत बसला होता. ती वाकून बघायला लागली.

"यो कनचा नंबर हाय रं बाला?"

"एकोणतीस."

"माजा हाय तो."

काशिनाथला वाटलं, म्हातारी परत मागतेय. त्याने मूठ मिटली. हिराबाई हसली. "मना नको. काय करू त्याचा? आगर बंद झाला तवा मुकादमानी घेतला सगल्यांचा. बारा वरसां व्हता माज्या कंबरंला. तो मुकादम नावानी कदी हाक मारला नाय मना. ए एकोनतीस, चल गो, हात उचल. पोटात पोर व्हता तवा पन एकोनतीस."

मला पाठीमागे काय चाललंय ते सगळं ऐकू येत होतं. आरशात काशिनाथचं तोंड दिसत होतं. त्याने पहिल्यांदाच एका प्रवाशाच्या तोंडाकडे बघितलं असावं.

"नाव काय तुझं, मावशी?"

"हिरा."

नागोठण्याला उतरताना ती म्हणाली, "ठेव तूच. पन नाव घाल बाबा त्याच्यावं. नायतर कोनाचा व्हता, कसा कलल?"

आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घेतात. लग्नात तांब्या दिला तरी देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख. नाव नसलेलं भांडं पंगतीला गेलं की परत येत नाही. हिराबाई बोलली ते त्या रीतीला धरूनच. पण काशिनाथ कडव हा कोण? ज्याने चिंच लावली म्हणून दोन दिवस अन्न सोडलं तो. हा माणूस दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारात भांडीवाल्याकडे गेला, नाव घालणाऱ्या म्हाताऱ्यापुढे बिल्ला ठेवला आणि कोऱ्या बाजूवर छिन्नीने टकटक करून 'हिराबाई' असं नाव घालून घेतलं. मी डोक्याला हात लावला.

"काशिनाथ, चिंचेने रंग जातो आणि छिन्नीने काय येतं?"

"तो आता पुरा झाला," तो म्हणाला. "आधी अर्धाच होता."

झालं. त्या दिवसापासून गाडीची बोलीच बदलली. प्रत्येक थांब्याला, घंटीची दोरी ओढायच्या आधी, काशिनाथ दारात उभा राहून विचारायचा, "शेठच्या आगरावर कामाला कोण होतं का? बारा नंबर कोणाचा? सतरा कोणाचा?" लोकांना वाटायचं, लॉटरी लागली. मग खरी माणसं येऊ लागली. कुणी म्हणे, सतरा माझ्या आत्याचा. कुणी म्हणे, आठ नंबरचा बाबू आंधळा झालाय, वडखळच्या पुढे राहतो. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, हा सायकल घेऊन आंधळ्या बाबूकडे जायचा, बिल्ला त्याच्या हातात द्यायचा. बाबूने म्हणे बोट फिरवून आकडा ओळखला. तेही मला गाडीत सविस्तर सांगण्यात आलं, चढावर, पहिल्या गिअरमध्ये. हत्तीची कथा बरी होती.

आणि दर दोन-चार दिवसांनी माझ्या पाठीमागून तो आवाज यायचा, "एकतीस कोणाचा? एकतीस नंबर कोणाला ठाऊक हाय का?" मी हॉर्न वाजवायचो. रस्त्यावर गाय नाही, कुत्रं नाही, माणूस नाही, आणि मी हॉर्न वाजवतोय. एकदा तो पुढे येऊन म्हणाला, "नाराणा, हॉर्न तपासून घे, आपोआप वाजतोय."

मध्येच मुंबईचे एक संग्राहक पेणला अवतरले. सोनेरी काड्यांचा चष्मा, इस्त्रीचं धोतर, खिशात भिंग. काशिनाथने नावं घालायच्या आधी त्यांना पत्र पाठवलं होतं, ते त्यांना आता सवड मिळाल्यावर आले. बेचाळीसचा पूर्ण संच घेईन म्हणाले आणि एवढी रक्कम बोलले की सुमनवहिनींनी दाराआड उभ्या राहून मनात घरावर स्लॅबही टाकून घेतला. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. मला वाटलं, बिल्ले मुंबईला गेले तर बरंच होईल, एकतीस नंबरही जाईल. गृहस्थांनी भिंग लावलं, तराजू पाहिला, आकडा पाहिला, वा वा म्हणाले आणि बिल्ला उलटा केला.

"हे काय?"

"नाव घातलंय," काशिनाथ म्हणाला.

"कुणी?"

"मीच. म्हणजे घालून घेतलं. हिराबाईचा हाय तो."

त्यांनी दुसरा उलटला, तिसरा उलटला. सव्वीस बिल्ल्यांवर नावं होती. त्यांनी भिंग मिटलं. "अहो कडव, तुम्ही जाणकार माणूस. हे म्हणजे तुम्ही त्यांचा खून केलात हो. आता याला कोण हात लावेल?"

काशिनाथने खरोखरच विचार करून उत्तर दिलं, "बाबूने लावला."

गृहस्थ चहा न घेता गेले. वहिनी बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "मी चिंच लावली तर दोन दिवस जेवला नाय तुम्ही." त्या एवढ्या हळू बोलल्या की मलाच लाज वाटली. मला विचाराल तर त्या दिवशी माझाही स्लॅब कोसळला होता.

पुढच्या दोन वर्षांत एकेचाळीस बिल्ल्यांना नावं मिळाली. उरला एकतीस. आणि एका रविवारी सायकल घेऊन काशिनाथ माझ्या दारात, जित्याला. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि उठायला त्याने नेहमीप्रमाणे वेळ लावला. मग खाटेवर बसला. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. शेवटी त्याने खिशातून बिल्ला काढला आणि तिच्यासमोर धरला.

"आई, तुम्ही खाडीकडच्या. आगरावर कधी कोण ओळखीचं होतं का? हा एकतीस कोणाचा, काय सांगता येईल?"

आईने बिल्ला हातात घेतला. कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग तिने माझ्याकडे बघितलं. आत माझी बायको होती, रोह्याहून सासूबाई राहायला आल्या होत्या.

"नाय बाबा," आई म्हणाली. "आमी कवा आगरावर गेलो नाय."

आणि तिने तो त्याला परत दिला.

माझ्यासाठी ती खोटं बोलली. तिचं स्वतःचं नाव त्यावर येत होतं, हक्काने येत होतं, आणि ते तिने माझ्याकडे बघून परत केलं. त्या वेळी मला काय वाटलं? सुटलो असं वाटलं. लिहिताना हात अडतो, पण वाटलं तेच लिहितो.

त्यानंतर काशिनाथने गाडीत एकतीस नंबर विचारणं बंद केलं. मला वाटलं, कंटाळला असेल. माणूस कितीही चिवट असला तरी कंटाळतोच. माझा हॉर्नही आपोआप दुरुस्त झाला.

दोन वर्षांनी आई गेली. काशिनाथ रात्रीची ड्युटी करून तसाच आला, खांदा दिला, चितेपाशी शेवटपर्यंत उभा राहिला. मग आमच्या गाड्या बदलल्या. रोह्याजवळ धाटावला कारखाने आले, मला शिफ्टच्या गाडीवर टाकलं. त्या गाडीत सगळे पासवाले, नाणं कुणाच्या हातात नाही. काशिनाथ निवृत्त झाला आणि पेणच्या स्टँडवर येणाऱ्याजाणाऱ्या कंडक्टरांना हत्तीची कथा सांगू लागला. नव्या पोरांनी ती नम्रपणे ऐकली, कारण त्यांना अजून पुढच्या दोनशे वेळा माहीत नव्हत्या.

त्याला शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणावर होता. ट्रे उशाशी. श्वास लागत होता, तरी मला एकेक पुडी उलगडून दाखवायचा हट्ट. हिराबाई, बाबू, सतरा नंबरची सोनी.

"एक राहिलाय, नाराणा," तो म्हणाला.

"राहू दे रे," मी म्हटलं. "बेचाळीसातला एक. एकाने काय होतं?"

"व्हय," तो म्हणाला. "घाई नाय."

मी त्याच्या हातावर थोपटलं, शेवटची गाडी चुकेल म्हणून उठलो. आई जाऊन बारा वर्षं झाली होती, सासरे गेले होते, गिरणी विकली गेली होती. लपवायचं कुणापासून होतं? कुणापासूनच नव्हतं. तरी मी उठलो. पाच दिवसांनी तो गेला.

तेराव्याला पेणला गेलो. जेवणं झाल्यावर सुमनवहिनींनी ट्रे माझ्यापुढे आणून ठेवला.

"नाणी, बाकीचे बिल्ले, सगळं पोरांना दिलंय. हा खण तुम्हाला द्यायला सांगितलाय."

खणात एकच पुडी होती. जुन्या तिकिटाच्या पाठकोऱ्या कागदाची, घड्यांवर झिजलेली, म्हणजे पुष्कळ वर्षांपूर्वी बांधलेली. वर पेन्सिलीने काशिनाथचं ते किडकं अक्षर: 'नं. ३१. नाराणाची आई. नाव तो सांगेल तेव्हा घालायचं. विचारायचं नाही.'

मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जित्याहून आले त्या दिवशीच लिहिली. म्हणाले, म्हातारीचे पाय आगरातले हायत, मिठाने खाल्लेले. मी म्हटलं, मग नाव घालून टाका, वेशीवर कुणीपण नाव सांगेल. तर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, मुलगा जिता असताना दुसऱ्याला कशाला विचारू?"

म्हणजे आईला खांदा देताना त्याला माहीत होतं. अंथरुणावरून 'एक राहिलाय' म्हणाला तेव्हाही माहीत होतं. आयुष्यभर मी त्याला बावळट समजलो. पाठीमागून येणाऱ्या त्याच्या आवाजाला हसलो, डेपोत त्याच्या नकला केल्या, आणि त्याने बारा-चौदा वर्षं माझी एक पुडी जपून ठेवली, उलगडलीसुद्धा नाही कुणापुढे. मी तिथे बसून रडलो. वहिनींनी पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही.

तसाच उठून बाजारात गेलो. भांडीवाल्याचं दुकान तेच होतं, टकटक करणारा म्हातारा जाऊन त्याच्या मुलाने विजेचं यंत्र आणलं होतं. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतले एक आमच्या डेपोचे जुने कॅशियर. मी बिल्ला पुढे केला.

"काय नाव घालू, काका?"

"तुळसा राघो पाटील."

त्याने बिल्ला यंत्राखाली धरून जागा मापली. "एवढं बसणार नाही. तु. रा. पाटील घालतो. सगळे तसंच घालतात."

"पाटील गाळा," मी म्हटलं. "राघोही गाळा. तुळसा घाला, पूर्ण."

यंत्र घरघरलं. कॅशियर माझ्याकडे वळून बघत होते. मुलाने पितळेचा भुगा फुंकर मारून उडवला आणि अक्षरं पुसता पुसता सहज विचारलं, "कोण तुमच्या, काका?"

"आई," मी म्हणालो. "मिठागरावर होती. एकतीस नंबर."